महिलांची इनडोअर हॉकी: नवी मुंबईत बसून बघायची कशी, आणि मग हॉलमध्ये खेळायची कशी

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी साउथ आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा वर्ल्ड कप उचलला. तेव्हापासून आपल्याकडे पोरीच्या हातात बॅट दिसली तर कुणी मान वळवून बघत नाही. हॉकी स्टिक दिसली तर मात्र लिफ्टमध्ये अजूनही विचारतात, "खेळायची कुठे गं ही?" प्रश्न रास्तच आहे. टर्फ गाठायचं तर चर्चगेट, पाऊस चार महिने, आणि अकरा-अकराच्या दोन टीम जमवायच्या म्हणजे अख्खं सेक्टर गोळा करावं लागतं. याच अडचणींवर युरोपात निघालेला तोडगा म्हणजे इनडोअर हॉकी. त्यांच्याकडे बर्फ आडवा येत होता, आपल्याकडे पाऊस येतो.

ज्यांनी हा खेळ कधी बघितलेलाच नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शाळकरी मुली, त्यांच्या आया, पीटीचे सर-मॅडम, सोसायटीतले हौशी काका, सगळ्यांसाठी. माझा आग्रह एकच आहे: आधी आंतरराष्ट्रीय महिला स्पर्धेतले दोन-तीन सामने नीट बघा, मगच स्टिक विकत घ्या. टोकियो ऑलिम्पिकमध्ये गुरजीत कौरच्या एका गोलवर आपण ऑस्ट्रेलियाला हरवलं ती हॉकी सगळ्यांच्या डोक्यात आहे. हॉलमध्ये त्यातलं अर्धं ज्ञान उपयोगाचं नाही, आणि ते डोक्यातून काढायला बघण्याइतका स्वस्त क्लास दुसरा नाही. महिलांचेच सामने सुचवते, कारण मला वाटतं त्यांत पासची रचना नवख्या नजरेला लवकर सापडते. पुरुषांच्या सामन्यात बरेचदा चेंडू कुठून कुठे गेला हे रिप्लेमध्येच कळतं.

पहिली पायरी: कुठली स्पर्धा, केव्हा, कशावर

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ, म्हणजे एफआयएच, २००३ पासून इनडोअर वर्ल्ड कप भरवतं. पहिला जर्मनीतल्या लाइपझिगला झाला. मग २००७ ला व्हिएन्ना, २०११ ला पोलंडमधलं पोझनान, २०१५ ला पुन्हा लाइपझिग, २०१८ ला बर्लिन. २०२१ चा बेल्जियममध्ये लिएजला व्हायचा होता, तो कोविडने गिळला. २०२३ चा साउथ आफ्रिकेत प्रिटोरियाला आणि २०२५ चा क्रोएशियातल्या पोरेचला झाला. पुरुषांची आणि महिलांची स्पर्धा एकाच हॉलमध्ये, एकाच आठवड्यात होते, आणि हे सगळे वर्ल्ड कप फेब्रुवारीतच झाले. युरोपात तेव्हा बाहेरची मैदानं गारठलेली असतात, लीगला सुट्टी असते.

लाइपझिग ते प्रिटोरिया या सहा स्पर्धांत महिलांचा कप जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्यातच आलटून-पालटून फिरला. म्हणून कुणाचा खेळ बघून शिकायचं हा प्रश्न तसा सुटलेलाच आहे. आशियातून २०१८ आणि २०२३ ला कझाकस्तानच्या मुली होत्या. आणि आशियाला हा खेळ जमणारच नाही असं कुणी म्हणालं तर त्याला २०१८ चं बर्लिन दाखवा: पुरुषांमध्ये कांस्यपदक इराणने नेलं होतं.

वेळेचं गणित आधीच करून ठेवा. फेब्रुवारीत क्रोएशिया किंवा जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात, साउथ आफ्रिका साडेतीन. तिथे सकाळी १० ला सुरू होणारा सामना पोरेचचा असेल तर इथे दुपारी अडीचला दिसतो, प्रिटोरियाचा असेल तर दीडला. संध्याकाळी ७ चा सामना मात्र इथे रात्री साडेअकराला नाहीतर साडेदहाला. शाळेच्या पोरींना साखळीतले दुपारचे सामने दाखवा. रात्रीचे मोठ्यांनी बघावेत आणि मुलींना दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग दाखवावं. शिवाय फेब्रुवारी म्हणजे बोर्डाचा महिना. दहावी-बारावीच्या मुलीला क्लबहाऊसमध्ये बोलावून तिच्या आईशी वाकडं घेऊ नका.

सामने एफआयएचच्या वॉच.हॉकी या स्वतःच्या प्लॅटफॉर्मवर दाखवले जातात, जुन्यांचे हायलाइट्स त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर सापडतात. चालू स्पर्धा नसेल तर सुरुवात बर्लिनच्या २०१८ च्या फायनलपासून करा: जर्मनी २, नेदरलँड्स १. मग प्रिटोरियाची २०२३ ची फायनल बघा, जिच्यात नेदरलँड्सने ऑस्ट्रियाला ७-१ ने धुतलं. पहिल्या सामन्यात बचाव म्हणजे काय ते कळतं, दुसऱ्यात तो फुटला की काय होतं ते. मोबाईलवर बघू नका. चेंडू छोटा, हॉल छोटा, पायांची गर्दी. मोठा टीव्ही असेल त्या घरी जमा, किंवा लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावून क्लबहाऊसच्या पडद्यावर लावा.

एक घोळ इथेच मिटवते. हॉकी फाइव्हज् म्हणजे इनडोअर हॉकी नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला हॉकी फाइव्हज्चा पहिला वर्ल्ड कप झाला. त्यात आपल्या मुली फायनलपर्यंत गेल्या आणि नेदरलँड्सकडून २-७ अशा हरल्या. तो खेळ उघड्यावर, टर्फवर, पाच-पाच जणींचा. नियम निराळे, स्टिक निराळी. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या क्लिप इनडोअर म्हणून फिरतात, त्यावरून शिकायला जाऊ नका.

दुसरी पायरी: हॉल मनात आखून घ्या

बाहेरचं हॉकीचं मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असतं. इनडोअरचं कोर्ट ३६ ते ४४ मीटर लांब आणि १८ ते २२ मीटर रुंद. म्हणजे मोठ्यात मोठं घेतलं तरी क्षेत्रफळ बाहेरच्याच्या पाचव्या हिश्शाइतकंच. खेळाडू मात्र २२ ऐवजी १२: गोलकीपर धरून प्रत्येक बाजूला ६, बाकावर आणखी ६. हिशोब केलात तर बाहेरच्यापेक्षा इथे माणशी जागा बरीच कमी पडते. इथल्या सगळ्या डावपेचांचं मूळ याच दाटीत आहे.

गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. डीची, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाची, त्रिज्या ९ मीटर. पेनल्टी स्ट्रोकचा ठिपका ७ मीटरवर. सामना ४० मिनिटांचा, १०-१० मिनिटांचे चार क्वार्टर. मागच्या रेषा मोकळ्या असतात, लांबीच्या दोन्ही बाजूंना मात्र लाकडी पट्ट्या असतात: १० सेंटिमीटर उंच, १० सेंटिमीटर जाड, आणि आतला चेहरा कोर्टाकडे १ सेंटिमीटर झुकलेला. या झुकावामुळे पट्टीला लागलेला चेंडू वर न उसळता जमिनीलगत आत परततो.

शाळेत हॅन्डबॉलचं कोर्ट असेल तर पोरींना एकदा तिथे उभं करा. हॅन्डबॉलचं कोर्ट ४० बाय २० असतं आणि गोलही ३ बाय २ मीटरचाच, म्हणजे माप जवळपास तेच. गोलच्या मधोमध उभं राहून ९ मीटरवरचा डी नजरेने मोजला की मग टीव्हीवर गोलकीपरला चेंडू किती कमी वेळात गाठतो ते खरं जाणवतं.

तिसरी पायरी: तीन नियम आधी, बाकीचे नंतर

पहिला: चेंडू मारायचा नाही, ढकलायचा. हिट नाही, स्लॅप नाही. स्टिक मागे नेऊन फटका दिला की शिट्टी. पुश चालतो, फ्लिक, म्हणजे मनगटाने चेंडू उचलून ढकलणं, चालतो, आलेल्या चेंडूला नुसती स्टिक लावून दिशा बदलणं चालतं.

दुसरा: चेंडू जमिनीवरून उचलायचा नाही. अपवाद एकच, डीमधून गोलवर मारलेला शॉट. तिथे फ्लिक करून वरचा कोपरा गाठायला पूर्ण मुभा. जवळपास प्रतिस्पर्धी नसताना पासचा चेंडू जरासा उडाला तर पंच सोडून देतात, पण कुणाच्या स्टिकवरून उडवून पुढे निघालात तर नाही.

तिसरा: जमिनीवर आडवं पडून खेळायचं नाही. गोलकीपर सोडून कुणीही झोपून, गुडघा टेकून किंवा मोकळा हात टेकून चेंडू खेळला तर फाउल. ज्या हातात स्टिक आहे तो हात जमिनीला लागला तर चालतं. ही सवलत दिसायला किरकोळ आहे, पण सगळा बचाव तिच्यावरच उभा आहे. ते पुढे येतंच.

एवढ्यावर सामना समजायला लागतो. पुढे हळूहळू बाकीचे. फ्री पुशला समोरच्यांनी ३ मीटर लांब राहायचं. हिरवं कार्ड मिळालं तर खेळाडू १ मिनिट बाहेर, पिवळं मिळालं तर किमान २, लाल म्हणजे घरी. बाहेरच्या हॉकीच्या मानाने ही शिक्षा कमी वाटते, पण सहापैकी एक गेली की काय होतं ते बघा: २ मिनिटांत दोन गोल बसू शकतात. बचाव करणाऱ्या टीमने आपल्या अर्ध्या भागात, डीबाहेर का होईना, मुद्दाम फाउल केला तर थेट पेनल्टी कॉर्नर (तो काय असतो ते पाचव्या पायरीत). म्हणून इथे निर्ढावलेपणाने पाय घालायला कुणी धजत नाही.

चौथी पायरी: पहिल्या सामन्यात नजर कुठे ठेवायची

चेंडूवर ठेवू नका. हे सांगणं सोपं आहे आणि करणं अवघड, म्हणून प्रत्येक क्वार्टरला एकच काम द्या.

पहिल्या क्वार्टरला पट्ट्या बघा. ज्याने कॅरम खेळला आहे त्याला हे कुणी शिकवायला नको. समोर सोंगटीची आड आहे, सरळ जात नाही, मग पट्टी घेऊन मारायचं. इथेही तसंच. मधली वाट दोन जणींनी बंद केली की मागची खेळाडू चेंडू पट्टीवर ढकलते, तो जितक्या कोनात लागला तितक्याच कोनात बाहेर येतो आणि बचावपटूच्या पाठीमागे धावणाऱ्या सखीला मिळतो. नेदरलँड्सच्या मुलींचं बघाल तर पास देणारी पट्टीकडे बघतसुद्धा नाही. तिला कोन पाठ असतो. तुम्ही फक्त इतकंच ठरवा, की पट्टीवर चेंडू जाण्याआधी तो कुणासाठी आहे हे ओळखायचं. पहिल्या दहा मिनिटांत एकदा जरी जमलं तरी सामना डोळ्यांसमोर उलगडायला लागतो.

दुसऱ्या क्वार्टरला बचाव करणाऱ्यांच्या स्टिक बघा. चेंडू उचलायला बंदी, म्हणून जमिनीवर आडवी टेकवलेली स्टिक म्हणजे जवळजवळ एक मीटरची भिंत. ती कशी लावतात ते एखाद्या क्लोज-अपमध्ये थांबवून बघा. डावा पाय पुढे किंवा दोन्ही पाय फाकलेले, गुडघे खोल वाकलेले पण टेकलेले नाहीत, पाठ जवळपास जमिनीला समांतर. डाव्या हाताची मूठ फरशीला घासते आहे, आणि स्टिक त्या मुठीपासून उजवीकडे सपाट पसरलेली. त्या डाव्या हातात जाड मोजा असतो, बोटांची हाडं झाकणारा. तो नसेल तर एका सामन्यात सालटी निघतात. आणि डोळे? खाली चेंडूवर नाहीत, समोरचीच्या कंबरेवर आहेत, कारण स्टिकने फसवता येतं, कंबरेने फसवणं जड जातं.

आता त्या भिंतीवर काय उत्तर आहे ते शोधा. चेंडू घेऊन आलेली खेळाडू सरळ धडकत नाही. ती तिरपी जाते, भिंतीला एका बाजूला ओढते, आणि स्टिक हलली की जी फट पडते तिच्यातून पास काढते. कधी बचावपटूच्या दोन पायांमधून. प्रेक्षक तिथे ओरडतात, आणि ओरडायलाच हवं.

तिसऱ्या क्वार्टरला चेंडूपासून लांबच्या खेळाडू बघा. पाच जणी बहुतेक दोन मागे, एक मधे, दोन पुढे अशा उभ्या असतात. चेंडू उजव्या पट्टीला गेला की पाचही जणी दोन-तीन पावलं उजवीकडे सरकतात, परत डावीकडे आला की डावीकडे. हे सरकणं ज्या टीमचं एका लयीत होतं तिच्यावर गोल होत नाही. एखादीला अर्धा सेकंद उशीर झाला की नेमक्या तिच्याच बाजूने गोल होतो. रिप्ले आला की चेंडूऐवजी तिला शोधा.

चौथ्या क्वार्टरला बाक आणि घड्याळ. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, खेळ न थांबवता. पूर्ण वाकून खेळायचं म्हणजे मांड्या पेटतात, त्यामुळे जाणत्या टीम दर दीड-दोन मिनिटांनी माणसं फिरवतात. शेवटची तीन-चार मिनिटं उरली आणि टीम मागे असली की गोलकीपर पळत बाहेर येते आणि तिच्या जागी सहावी फील्ड प्लेअर जाते. गोल उघडा. समोरच्यांना चेंडू मिळाला तर संपलं, नाही मिळाला तर सहा विरुद्ध पाच. हा जुगार बघण्यासाठी तरी सामना अर्धवट सोडून उठू नका, कुकरच्या शिट्ट्या होऊ देत.

पाचवी पायरी: पेनल्टी कॉर्नर थांबवून बघा

इनडोअरमध्ये बरेचसे गोल इथून येतात, म्हणून याला वेगळा वेळ द्या. चेंडू मागच्या रेषेवर, जवळच्या खांबापासून ६ मीटरवर ठेवतात. गोलकीपर गोलमध्ये. तिच्या बाकीच्या सख्या चेंडू ज्या बाजूने येणार त्याच्या उलट बाजूला, रेषेमागे. हे महत्त्वाचं: बाहेरच्या हॉकीत बचाव करणाऱ्या गोलमधूनही पळत सुटतात, इथे त्यांना लांबच्या बाजूनेच यावं लागतं. हल्ला करणाऱ्या डीच्या बाहेर, त्यांच्यातली एक मात्र रेषेवरच्या चेंडूपाशी, तो आत ढकलायला.

चेंडू ढकलला की अक्षरशः दोन सेकंदांचा मामला. बचावातली पहिली पळणारी, तोंडावर मास्क लावलेली, सरळ शॉट मारणारीच्या अंगावर जाते. तिचं काम चेंडू अडवण्यापेक्षा शॉट घाईत पाडणं. गोलकीपर एक बाजू झाकते, दुसरी पळणाऱ्यांच्या भरवशावर सोडते. शॉट मारणारीसमोर तीन वाटा असतात: स्वतः फ्लिक, बाजूला सरकवून दुसरीकडून फ्लिक, किंवा परत चेंडू आत ढकलणारीकडे, जी तोवर खांबाजवळ पोहोचलेली असते. पहिल्यांदा सरळ वेगात बघा, दुसऱ्यांदा गोलकीपरचा पहिला पाय कुठे पडला ते बघा, तिसऱ्यांदा पहिली पळणारी. तीन वेळा बघितल्यावर पुढच्या कॉर्नरला मुली आपणहून पैज लावायला लागतात.

सहावी पायरी: गुणतक्ता

लवकर आटपते. प्रिटोरियाला १२ टीम होत्या, सहा-सहाचे दोन गट. जिंकलं तर ३ गुण, बरोबरीला १. बाद फेरीत बरोबरी झाली तर शूटआउट, एक खेळाडू आणि एक गोलकीपर, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सेकंद. इथे गोल जास्त होतात. ३-० ची आघाडी म्हणजे सामना संपला असं समजून चॅनेल बदलू नका.

सातवी पायरी: आता हॉल शोधा

बघून झालं, पोरींचे हात शिवशिवताहेत. आता जागा. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ बाय ६.१ मीटरचं असतं. सामन्याला ते अपुरं, पण पुश, पास आणि आडवी स्टिक शिकायला भरपूर. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या बऱ्याच सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये एवढी जागा निघते. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५, त्यात चार-चार जणींचा सामना आरामात होतो. शाळेचा हॅन्डबॉल हॉल मिळाला तर देवच पावला.

हॉल मागायला जाताना "हॉकी खेळायची आहे" एवढंच म्हणालात तर समोरच्याच्या डोळ्यांसमोर फुटलेल्या काचा येतात. असं सांगा: "सर, चेंडू जमिनीवरून उचलायचा नाही, मारायचा नाही, फक्त ढकलायचा. बूट नॉन-मार्किंग. एकदा येऊन बघा, मग ठरवा." आणि खरोखर बघायला बोलवा. सोसायटीच्या सेक्रेटरीला हॉलची फरशी आपल्या मुलांपेक्षा जास्त लाडकी असते, त्याला दोष देऊ नका. गुळगुळीत टाइल्सचा हॉल असेल तर पावसाळ्यात फार जपा. खाडीकाठची दमट हवा लागली की फरशीला घाम येतो आणि पाय सटकतो. दर पंधरा मिनिटांनी कोरडं फडकं मारायचं, आणि ते काम मुलींनीच आळीपाळीने करायचं.

पट्ट्या लाकडाच्या वखारीतून १० बाय १० च्या घ्या. सुताराला सांगून एक बाजू रंध्याने वरून खाली १ सेंटिमीटर तिरकी तासून घ्या, वरची कड आत झुकलेली राहील अशी. सगळं कोर्ट वेढायला लाकूड बरंच लागतं, म्हणून सुरुवातीला एकाच बाजूला दोन-दोन मीटरचे चार-पाच तुकडे लावले तरी पट्टीवरचे पास शिकता येतात. पीव्हीसी पाइप वापरण्याचा मोह होतो, स्वस्त असतो. घेऊ नका. गोल पाठीवर चेंडू चढतो आणि थेट नडगीला किंवा गुडघ्याला लागतो.

स्टिक. इनडोअरची स्टिक बाहेरचीपेक्षा बारीक आणि हलकी असते, ती वेगळीच घ्या. जालंधर आणि मेरठची मंडळी बनवतात, ऑनलाइन मिळते. उभी धरली की वरचं टोक कमरेच्या हाडापाशी यावं. टर्फवर घासून कडा खरखरीत झालेली जुनी स्टिक हॉलमध्ये आणली तर फरशीवर ओरखडे उठतात आणि तुमचं बुकिंग जातं. डाव्या हाताचा मोजा, शिनगार्ड आणि माउथगार्ड यांत काटकसर करू नका. करायचीच तर जर्सीत करा. चेंडू सामन्याचा असेल तर १५६ ते १६३ ग्रॅमचा, कडक. लहान मुलींना आधी पोकळ प्लॅस्टिकचा हलका द्या.

पहिल्या तासाला काय घ्यायचं? मी असं घेईन. वीस मिनिटं फक्त पुश. चेंडूला स्टिक आधीपासून चिकटलेली हवी, मग वजन उजव्या पायावरून डाव्यावर नेत ढकलायचं. पारख कानाने करा: "ठक्" असा आवाज आला म्हणजे फटका झाला, पुशला आवाज नसतो, नुसती घसर ऐकू येते. डोळे मिटून उभ्या राहिलेल्या मैत्रिणीने "फाउल" म्हणून ओरडायचं, असा खेळ लावला तर मुली हसत-हसत शिकतात. मग दहा मिनिटं पट्टीवरून जोडीजोडीने पास. मग आडवी स्टिक. इथे सगळ्याजणी गुडघा टेकणार हे धरून चाला. दोन मिनिटांहून जास्त वेळ सलग वाकून ठेवू नका, आधी भिंतीला पाठ न लावता खुर्चीत बसल्यासारखं वाकायची सवय करा. उरलेला वेळ तीन-तीन जणींचा सामना, गोल म्हणजे एक मीटर अंतरावर ठेवलेले दोन कोन.

गोलकीपरचं साहित्य नसेल तोवर गोलवरही चेंडू उचलायचा नाही. यात अपवाद करू नका, कितीही चांगली खेळाडू आली आणि "काकू, एकदाच" म्हणाली तरी. पॅड, हेल्मेट, छातीचं गार्ड, हातमोजे सगळं असेल तेव्हाच फ्लिक उघडायचा. ९ मीटरवरून कडक चेंडू उचलला गेला तर प्रतिक्षेपाला वेळच उरत नाही.

आठवी पायरी: पुढे टर्फकडे

हॉलमधून सुरुवात केलेल्या मुलीचे हात मऊ होतात, पहिला स्पर्श छान येतो, पण हिट आणि लांब धाव शिकायला टर्फ लागतंच. नवी मुंबईकरांना जवळ पडतं ते चर्चगेटचं मुंबई हॉकी असोसिएशनचं स्टेडियम. हार्बरने सीएसएमटी गाठा आणि तिथून बस, टॅक्सी किंवा पायी. ठाण्याहून येणाऱ्यांनी दादरला उतरून वेस्टर्न लाइन धरली तर थेट चर्चगेट स्टेशन. पिंपरीच्या नेहरूनगरला मेजर ध्यानचंदांच्या नावाचं हॉकी स्टेडियम आहे, पण ते सुट्टीतल्या शिबिरापुरतं. मुलगी खरोखर पुढे जाणार असं दिसलं तर राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. भारताकडून खेळणारी वैष्णवी फाळके सातारा जिल्ह्यातली आहे. तिचं नाव घरी सांगा. "हॉकी पंजाब-ओडिशाची" म्हणणाऱ्या आजोबांना त्याचा उपयोग होतो.

स्टिक लोकलमधून नेताना कापडी पिशवीत घालून उभी, अंगाजवळ धरायची. सकाळी साडेआठ ते साडेदहा या वेळेत सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीत लेडीज डब्यातही तिला जागा नसते. सराव सकाळी साडेसहाचा असेल असा बघून घ्या, किंवा शनिवार-रविवारचा.